कथेसाठी पाट कोण मांडणार?

दिवाळी अंक आणि कथा यांचे नाते मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक आणि अंकात कथा, हा आपल्या घरांचा शिरस्ताच होऊन बसला आहे. अंक हाती पडताच आजोबा आधी राशिभविष्य पाहतात आणि मुले व्यंगचित्रे शोधतात, हे खरे. पण चार दिवसांनी अंक घरभर फिरून झाला, की बोलणे निघते ते बहुधा कथेविषयीच. "त्या अंकातली ती सासरा-सुनेची गोष्ट वाचलीत का हो?" असे शेजारीण विचारते, तेव्हा लेखकाचे नाव तिच्या ध्यानात असतेच असे नाही, गोष्ट मात्र पक्की ध्यानात असते.

घराघरांत असा मान असलेल्या या कथेला आपल्या वाङ्मयीन पुरस्कारांच्या पंगतीत कोठे बसवले आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. सणाच्या दिवसांत हिशेबाच्या गोष्टी काढाव्यात हे रसिकपणाचे लक्षण नव्हे; परंतु लक्ष्मीपूजनाला आपण चोपड्याही पुजतोच. तेव्हा चार आकडे वाचकांनी सोसावेत. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले, आणि नागपूरजवळच्या कोराडीत, औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या छायेत, मुलांना मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. कथेची वकिली करण्यात माझा काही स्वार्थ असेल असे कोणी म्हणणार नाही. उलट कथेचा पाट ज्या कादंबरीला मिळत गेला, तिच्याच माहेरचा मी आहे!

प्रथम हिशेब. साहित्य अकादमी १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ पासून तिचे पुरस्कार सुरू झाले. मराठीतला पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला. त्या वेळी पुरस्काराची रक्कम पाच हजार रुपये होती. आज ती एक लाख आहे. रकमेचे महत्त्व फारसे नाही. भाषेतल्या एका पुस्तकाला वर्षातून एकदा सर्व देशासमोर उभे करावे, हे त्या पुरस्काराचे खरे मोल. आता या सत्तर वर्षांच्या यादीत कथासंग्रह किती, ते पाहावे. १९७३ साली जी. ए. कुलकर्णी यांचा 'काजळमाया', २०१२ साली जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', २०१६ साली आसाराम लोमटे यांचा 'आलोक' आणि २०२१ साली किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. झाली यादी! १९६५ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला पुरस्कार मिळाला होता. ती व्यक्तिचित्रे कथेच्या अंगणातली असली, तरी त्यांना कथा म्हणता येणार नाही.

१९७३ आणि २०१२ यांच्यामध्ये एकोणचाळीस वर्षे जातात. तेवढ्या काळात एक पिढी जन्मते, शिकते, संसाराला लागते. त्यातही १९७३ चा प्रसंग असा, की पुढे पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद निघाला आणि जी.एं.नी तो पुरस्कार परत केला. म्हणजे कथेसाठी मांडलेल्या पाटावर पहिला पाहुणा बसला, तोही उठून गेला. त्यानंतर पाट मांडायचे कोणाला सुचले नाही.

या मधल्या काळात मराठी कथा आजारी होती काय? तसे म्हणण्यास काडीचाही आधार नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांनी १९४५ च्या पुढेमागे मराठी कथेचे रूप पालटले. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथेची कृती सांगितली होती. सुरुवात कशी असावी, गुंतागुंत कोठे यावी, शेवट कसा चटकदार व्हावा, याचे ते पाकशास्त्रच होते. या चौघांनी त्या कृतीबाहेर जाऊन कथा लिहिली. कथेत काही 'घडले' पाहिजे ही सक्ती त्यांनी उठवली आणि माणसाच्या मनात जे हलते त्यालाही घटनेचा दर्जा दिला. 'नवकथा' या नावाने आपण ती ओळखतो. या नवकथेचा भर अकादमीच्या जन्माआधीच्या दहा वर्षांतला, ही गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' १९४९ सालची. जन्मायच्या आधीच्या लग्नाला आहेर कोण नेणार? परंतु हे लेखक पुढे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे लिहीत होते, आणि अकादमीने त्यांची दखल घेतली ती कशी, हे पाहण्यासारखे आहे.

माडगूळकरांना १९८३ साली पुरस्कार मिळाला तो 'सत्तांतर' या वानरांच्या टोळ्यांवरील छोट्या कादंबरीसाठी. गाडगीळांना १९९६ साली मिळाला तो 'एका मुंगीचे महाभारत' या आत्मचरित्रासाठी. गोखले आणि भावे यांना तो मिळालाच नाही. चौघांपैकी दोघांना मान मिळाला आणि त्या दोघांनाही कथेबाहेरच्या पुस्तकासाठी! हा योगायोग म्हणावा, तर तो फार वेळा घडला आहे. विजया राजाध्यक्ष यांनी आयुष्यभर कथा लिहिली. १९९३ चा पुरस्कार त्यांच्या 'मर्ढेकरांची कविता' या समीक्षेला मिळाला. आनंद यादव यांची ओळख आधी कथेने झाली. १९९० चा मान 'झोंबी'कडे गेला. बुलढाण्याकडचे सदानंद देशमुख कसदार कथाकार. २००४ साली निवड झाली ती 'बारोमास' या कादंबरीची. आमच्या नागपूरच्या आशा बगे यांची 'मारवा', 'दर्पण' यांसारख्या संग्रहांतली कथा मराठी घरांत किती आवडीने वाचली जाते, हे मी सांगावयास नको. २००६ साली त्यांना पुरस्कार मिळाला तो 'भूमी' या कादंबरीसाठी. ही सर्व पुस्तके मोलाचीच आहेत आणि त्यांच्या सन्मानाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण एखाद्या गवयाला जन्मभर गाण्याऐवजी त्याच्या सुरेख हस्ताक्षराबद्दलच शाल मिळत राहावी, तसा हा प्रकार दिसतो.

१९९० ते २००८ या काळात अकादमीच्या मराठी यादीत 'झोंबी' धरून नऊ कादंबऱ्या आल्या. कथासंग्रह एकही नाही. ज्ञानपीठाकडे वळावे तर तेथे खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे ही चार मराठी नावे आहेत. खांडेकरांनी कथा पुष्कळ लिहिल्या, पण त्यांचे नाव निघते ते 'ययाति'मुळे. केवळ कथाकार म्हणून ओळखला जाणारा मराठी लेखक त्या यादीत नाही.

असे का होते? परीक्षकांना कथा आवडत नाही, हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे मानण्यास माझे मन घेत नाही. परीक्षकही तुमच्याआमच्यासारखेच दिवाळी अंक वाचत वाढलेले असतात. माझ्या मते मूळ कारण पुरस्काराच्या अटीतच आहे. पुरस्कार 'पुस्तका'ला असतो. ठरावीक वर्षांच्या मुदतीत प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक पुढे यावे आणि त्याचा विचार व्हावा, अशी ही रीत. कादंबरी जन्मतःच पुस्तक असते. कथा मात्र एकटीच जन्मते. ती मासिकात छापून येते, एका बैठकीत वाचली जाते आणि वाचकाच्या मनात एकटीच राहते. पुढे केव्हातरी लेखक दहा-बारा कथा गोळा करतो, प्रकाशक मिळाला तर संग्रह निघतो, आणि तोपर्यंत त्यातली उत्तम कथा आठ-दहा वर्षांची झालेली असते.

यावर कोणी म्हणेल, कविताही एकटीच जन्मते. मग काव्यसंग्रहांना पुरस्कार कसे मिळतात? शंका रास्त आहे. परंतु काव्यसंग्रहात बहुधा एकच आवाज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोलत असतो, आणि एका कवितेने दुसरीला आधार मिळतो. कथेचे तसे नाही. प्रत्येक कथेला आपले वेगळे घर, वेगळी माणसे, वेगळी हवा लागते. बारा कथांचा संग्रह म्हणजे एका छपराखालची बारा बिऱ्हाडे! परीक्षक एका खोलीतून दुसरीत जातो. तीन बिऱ्हाडे त्याला फार आवडतात, सहा बरी वाटतात, तीन आवडत नाहीत. मग तो सरासरी काढतो. कादंबरीची सरासरी कोणी काढत नाही. तिच्यातली शंभर पाने कंटाळवाणी असली तरी 'आवाका मोठा आहे' म्हणून ती निभावते. कथासंग्रहातली एक फसलेली कथा मात्र पाच चांगल्या कथांचे गुण घेऊन बुडते.

ज्या चार संग्रहांना अकादमीने मान दिला, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 'काजळमाया' हा जी.एं.चा पाचवा संग्रह. त्यात नियतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे एकच काळेभोर आकाश सर्व कथांवर पसरलेले आहे. जयंत पवारांच्या कथांमागे गिरण्या बंद पडल्यानंतरची मुंबई आहे. लोमट्यांच्या कथांमागे मराठवाड्याचे खेडे, तेथले राजकारण आणि त्यात भरडला जाणारा साधा माणूस आहे. गुरवांच्या कथांमागे कोल्हापूरकडचा, गाव सोडून बदलत्या जगात पाऊल टाकणारा तरुण आहे. हे चारही संग्रह उत्तम आहेत. पण त्यांच्यात आणखी एक साम्य आहे. ते एकजीव आहेत, कादंबरीसारखे सलग वाचता येतात. म्हणजे कथेलाही पुरस्कार मिळवायचा तर कादंबरीचे लुगडे नेसून दरबारात जावे लागते! जो कथाकार एका कथेत कोर्टातला कारकून, दुसरीत मेळघाटातली म्हातारी आणि तिसरीत आगगाडीतले अनोळखी जोडपे रंगवतो, त्याची विविधता हा खरे तर त्याचा मोठा गुण. पुस्तक म्हणून तोलताना तोच गुण विस्कळीतपणाचा दोष ठरतो.

राज्य शासनाच्या पुरस्कारांत ही अडचण निम्मी तरी दूर झालेली आहे. तेथे कथेसाठी दिवाकर कृष्ण यांच्या नावाचा आणि पहिल्या कथासंग्रहासाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा, असे वेगळे पुरस्कार ठेवले आहेत. कथेची पंगत वेगळी मांडली की तिथे कथाच जेवते, हे त्यावरून दिसते. दिवाकर कृष्णांचे नाव निवडले हेही योग्यच. 'समाधी आणि इतर सहा गोष्टी' एवढ्या नावाचे आणि सातच गोष्टींचे पुस्तक १९२७ साली काढून या लेखकाने मराठी कथेत आपली जागा कायमची केली. सात गोष्टी पुरल्या! तथापि हेही पुरस्कार संग्रहालाच. एकट्या कथेचा पाट तेथेही नाही.

दुसऱ्या कोणी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासाठी थोडे दूर, फिलिपीन्स बेटांकडे जाऊ. हा देश आपल्यासारखाच परक्या सत्तेखाली राहिलेला. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य, १८९८ पासून अमेरिकेचे, आणि १९४६ साली स्वातंत्र्य. शाळांतून इंग्रजी आली आणि तिच्याबरोबर आधुनिक कथाही आली. पाझ मार्केस बेनितेस या लेखिकेची १९२५ सालची 'डेड स्टार्स' ही तेथील इंग्रजी कथेची पहिली मोठी खूण मानतात. त्यानंतर होसे गार्सिया विल्या नावाच्या कवी-कथाकाराने एक मोलाची गोष्ट केली. वर्षभरातल्या नियतकालिकांतून आलेल्या कथा वाचून त्यांतल्या निवडक कथांची यादी तो दरसाल प्रसिद्ध करू लागला. हे काम त्याने १९४० पर्यंत चालवले. ना शाल, ना श्रीफळ. पण त्या यादीत आपली कथा यावी म्हणून लेखक झुरत असत. १९४० साली सरकारी स्पर्धेत मान्वेल अर्गिया याच्या कथासंग्रहाला पहिले बक्षीस मिळाले. खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाच्या त्या कथा आपल्या ग्रामीण कथेच्या वाचकाला घरच्या वाटाव्यात. पुढे १९४४ साली जपानी सैन्याने या लेखकाला ठार मारले.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कार्लोस पालांका या व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने तेथे एक पुरस्कार सुरू केला. आज तो त्या देशातला सर्वांत जुना आणि मानाचा वाङ्मयीन पुरस्कार समजतात. त्याची रीत आपल्याहून निराळी. पहिल्या वर्षी नाटक नव्हते, कादंबरी नव्हती, काव्यही नव्हते. पुरस्कार होता तो फक्त कथेला, एक इंग्रजी आणि एक देशी भाषेतली. आणि तोही एकेका सुट्या कथेला. परीक्षकांपुढे लेखकाचे नाव जात नाही, केवळ लिखाण जाते. नाटक, कविता, निबंध या पंगती मागाहून वाढल्या, आणि १९९७ पासून सेबुआनो, हिलिगायनोन आणि इलोकानो या प्रादेशिक भाषांतल्या कथांनाही पाट मांडले गेले.

१९५१ सालच्या त्या पहिल्या निवडीत देशी भाषेतले पहिले बक्षीस मिळाले ते हेनोवेवा एद्रोसा-मातुते या बाईंच्या 'क्वेंतो नि माबूती' या कथेला. या बाई शिक्षिका होत्या आणि कथाही शिक्षिकेचीच आहे. 'माबूती' म्हणजे 'छान', 'बरे'. कथेतल्या बाईंना बोलता बोलता हा शब्द वापरण्याची खोड आहे. आपल्याकडच्या बाईंना 'बरं का मुलांनो' म्हणण्याची असते तशीच. मुले त्यांना मागून 'माबूती' याच नावाने ओळखतात. एक विद्यार्थिनी वाचनालयाच्या कोपऱ्यात एकटीच रडत असता बाई तेथे येतात. मुलीच्या दुःखाची थट्टा त्या करत नाहीत. स्वतःचे दुःखही तिच्याजवळ ठेवतात. पुढे मुलीच्या ध्यानात येते, की बाई आपल्या लेकीविषयी नेहमी बोलतात, पण त्या लेकीच्या वडिलांविषयी कधीच बोलत नाहीत. जे आहे त्याला सारखे 'छान' म्हणणाऱ्या बाईंच्या आयुष्यात काय छान नाही, ते कथा मोठ्याने न सांगताच कळत जाते. ही कथा मी शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी भाषांतरातून वाचली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'बरं का' म्हणताना माझी जीभ क्षणभर अडखळली. चार-पाच पानांची ही गोष्ट! तिचे पुस्तक निघून ते परीक्षकांच्या टेबलावर जाण्याची वाट पाहावी लागली असती, तर कोणत्या वर्षी तिचा क्रमांक लागता कोण जाणे.

आपल्या देशातही असा प्रयत्न झालेला आहे. दिल्लीच्या 'कथा' या संस्थेने १९९१ पासून काही वर्षे निरनिराळ्या भारतीय भाषांत छापून आलेल्या सुट्या कथा निवडून, त्यांना पारितोषिक देऊन, इंग्रजी भाषांतरांचे वार्षिक खंड काढले. त्या त्या भाषेतल्या जाणत्या लेखकाने वर्षातली कथा सुचवावी अशी ती पद्धत. जगाच्या बाजारातही कथेचा भाव हल्ली चढतो आहे. २०१३ चे नोबेल पारितोषिक कॅनडाच्या ॲलिस मन्रो यांना मिळाले, त्या आयुष्यभर कथाच लिहीत आल्या होत्या. २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या, दीपा भास्ती यांनी भाषांतरित केलेल्या पुस्तकाला मिळाले. कथासंग्रहाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. शेजारच्या अंगणात असा दिवा लागला असता आपणही आपली पणती शोधावी, हे बरे.

एकट्या कथेची ताकद मला रोजच्या कामात दिसते. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून अनेक पिढ्यांनी वाचली आहे. भाव पडल्यामुळे बाजारात आणलेले टोमॅटो बाप संतापाने पायाखाली तुडवतो आणि ते पाहणारा मुलगा आपल्याला सर्व सांगतो, एवढीच ती गोष्ट. ती वर्गात वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर पाहणारा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्या बाबानं संत्र्याचं असंच केलं होतं." बाकी वर्ग गप्प झाला. ही कथा कोणत्या संग्रहातली, त्या संग्रहाला पुरस्कार होता की नाही, हे त्या मुलाला ठाऊक नाही आणि त्याला ते कळण्याची गरजही नाही. कथा आपल्या पायांनी चालत त्याच्या शेतापर्यंत गेली होती. सबंध कादंबरी एका तासिकेत अशी जाऊ शकत नाही, हे मी कादंबरीकार असूनही कबूल करतो.

कथेला मान नसल्याने खरे नुकसान होते ते येथे. तरुण लेखक शहाणा असतो. दिवा कोणत्या खोलीत लावला आहे हे तो पाहतो आणि तिकडे जातो. कथासंग्रह म्हटला की प्रकाशक मान हलवतो आणि "कादंबरी असेल तर आणा" म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने विहीर खणणाऱ्या दोन भावांची अठरा पानांची कथा लिहिली होती. विहिरीला पाणी लागते आणि भावांचे बोलणे बंद होते, अशी ती घट्ट विणलेली गोष्ट. पुढे त्याने तिची दोनशे पानांची कादंबरी केली. तीत ग्रामपंचायत आली, प्रेमप्रकरण आले, दुष्काळाचा इतिहास आला; विहीर मात्र बुजली. अशा किती विहिरी दरसाल बुजत असतील! आमच्या विदर्भापुरते बोलायचे तर नरखेडचे वामन चोरघडे यांनी १९३२ पासून लहानशा, मृदू, पण मनाला धरून राहणाऱ्या कथा लिहिल्या. कुसुमावती देशपांडे यांनी 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' एवढ्या मोजक्या संग्रहांत कथा आणि शब्दचित्र यांच्या सीमेवरचे नाजूक लेखन केले. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दोघांनाही मिळाले, कुसुमावतींना १९६१ साली ग्वाल्हेरला आणि चोरघड्यांना १९७९ साली चंद्रपूरला. त्यांनी कथा ताणून कादंबऱ्या केल्या नाहीत. आजच्या त्यांच्या वारसाने तसे न करण्याचा धीर धरावा, असे आपण त्याला कशाच्या बळावर सांगणार?

यावर उपाय म्हणून गावोगाव कथास्पर्धा काढाव्यात, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांचा सुकाळ आधीच आहे. एका संस्थेने मला तुमच्या कथेची निवड झाली आहे असे आनंदाने कळवले, आणि पुढच्याच ओळीत सहभागशुल्क, सन्मानचिन्हाचा खर्च आणि भोजनाचे कूपन यांची रक्कम दिली. स्वतःच्या पैशाने स्वतःला ओवाळून घेण्याचा हा प्रकार आहे. स्पर्धेचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. बक्षीस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली कथा परीक्षकाकडे बघत चालते. शेवटच्या ओळीत धक्का, मध्ये एक मृत्यू, जमल्यास एक रडणारी आई! फडक्यांच्या पाकशास्त्रातून नवकथेने सोडवलेली कथा पुन्हा नव्या पाकशास्त्रात अडकायची. पालांकांसारख्या नावाजलेल्या स्पर्धेलाही या धोक्याची पहारेदारी करावी लागणारच.

म्हणून मला अधिक भरवशाची वाटते ती विल्याची रीत. कथा आधी लिहिली जावी, छापली जावी, वाचली जावी, आणि मग कोणीतरी वर्षभराचे वाचन करून सांगावे, की यंदाच्या या पाच कथा. मराठीत दरसाल शेकड्यांनी दिवाळी अंक निघतात. तुळशीचे लग्न झाले की ते रद्दीच्या वाटेला लागतात. त्यांतल्या कथा वाचून निवड करण्याचे काम विदर्भ साहित्य संघासारख्या, १९२३ पासून उभ्या असलेल्या संस्थेला जड नाही. तालुक्याच्या ग्रंथालयालाही जड नाही. निवडलेल्या कथेला मोठी रक्कम नको. लेखकाला प्रवासखर्च, बरे मानधन आणि पाच शाळांतून त्या कथेचे जाहीर वाचन, एवढे पुरे. अट एकच असावी: मान संग्रहाला न देता त्या एका कथेला द्यावा, आणि निवडणाऱ्यांनी निवडीचे कारण चार ओळींत छापावे. कारण छापावे लागले की वशिल्याची जीभ आखूड होते.

आणि संस्था जोवर जाग्या होत नाहीत तोवर हे काम वाचकांनी घरातल्या घरात करण्यासारखे आहे. या अंकातल्या कथा आपल्या घरी तीन पिढ्या वाचतील. भाऊबीजेच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून एक कथा निवडावी. आजी एक म्हणेल, सून दुसरी म्हणेल, कॉलेजातला मुलगा दोन्ही जुनाट म्हणेल. होऊ द्या भांडण! फराळानंतर ते पचनाला बरे. मग जी कथा ठरेल तिच्या लेखकाला, संपादकांच्या पत्त्यावर, दोन ओळी लिहून पाठवाव्यात. गोष्ट आवडली एवढेच नको, तर गोष्टीतले काय आवडले तेही लिहावे. सन्मानचिन्हे माळ्यावर जातात. असे पत्र लेखक जपून ठेवतो, आणि पुढची कथा लिहायला बसताना एकदा काढून वाचतो.